हौसेला मोल नाही, विम्बल्डनला तोड नाही!

माहीत आहे का, जगातली सगळ्यात नखरेल टेनिस स्पर्धा एका नादुरुस्त रोलरपायी सुरू झाली?

हो, रोलर! लंडनच्या विम्बल्डन भागात वर्पल रोडवर ऑल इंग्लंड क्रोके क्लब होता. हिरवळ दाबून सपाट करायला त्यांच्याकडे तट्टू जुंपून ओढायचा एक रोलर होता. तो बिघडला आणि क्लबच्या तिजोरीत खडखडाट. घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथेच, अगदी अक्षरशः! मग कमिटीनं ठरवलं, लॉन टेनिस नावाचं नवं फॅड आलंय, त्याची स्पर्धा भरवू या, रोलरपुरते पैसे निघतील. साल १८७७. रोलरचे पैसे निघाले. स्पर्धा मात्र थांबायचं नाव घेईना.

हा झाला ट्रेलर. आता पिक्चर!

१८७७ ते १९६७ हा विम्बल्डनच्या पुरुष एकेरीचा हौशी जमाना. दोन महायुद्धांनी गिळलेली वर्षं वजा केली तर ८१ स्पर्धा. नियम एकच आणि कडक: टेनिसवर पोट भरणाऱ्याला प्रवेश नाही. हौसेला मोल नाही असं आपण नुसतं म्हणतो, यांनी ते रूलबुकातच घातलं होतं. आता टेनिसवर पोट भरायचं नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काहीतरी करणारच ना? म्हणून या यादीत कॉफीचा मळेवाला आहे, पाद्री आहे, पट्टीचा जुगारी आहे. आणि एक जण तर... थांबा, त्याच्यावर येतोच. आजच्या चॅम्पियनचं आयुष्य म्हणजे जिम, डाएट आणि फिजिओ. यांचं आयुष्य म्हणजे सरळ वेब सीरिज!

फायनल? आधी क्रिकेट बघू!

पहिल्या स्पर्धेत खेळाडू किती? फक्त २२. एंट्री फी एक गिनी. फायनल बघायला आलेली पब्लिक सुमारे २००, तिकीट एक शिलिंग.

आणि माहीत आहे का, पहिल्यावहिल्या विम्बल्डनची फायनल लांबली कशामुळे? क्रिकेटमुळे! त्याच आठवड्यात लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या शाळांची मॅच होती. खानदानी लंडन तिकडे जाणार, मग टेनिस बघायला येणार कोण? स्पर्धेला चक्क सुट्टी दिली. सुट्टी संपली तर पाऊस आला. (विम्बल्डन आणि पाऊस हे लव्ह मॅरेज पहिल्या वर्षीपासूनचं आहे.) शेवटी १९ जुलैला स्पेन्सर गोरनं विल्यम मार्शलला ६-१, ६-२, ६-४ असं गुंडाळलं.

गोर हा विम्बल्डनचाच पोरगा. जन्म तिथलाच, शिक्षण हॅरोचं आणि पहिलं प्रेम अर्थातच क्रिकेट. त्याची ट्रिक ऐका. तेव्हाची जाळी मध्यभागी बुटकी आणि दोन्ही टोकांना तब्बल ५ फूट उंच असायची. कडेनं पासिंग शॉट मारणं महाकठीण, त्यामुळे बॉल फिरून फिरून मध्यावरच यायचा. गोर तिथेच जाळीपाशी ठाण मांडायचा आणि बॉलला टप्पा पडू न देता परत थोपवायचा. व्हॉली! समोरच्यांनी कुरकुर केली, की हा काय टेनिसचा खेळ झाला? आज तोच शॉट बसला की स्टेडियम उठून उभं राहतं.

सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. या पहिल्या चॅम्पियनला टेनिस फारसं आवडायचंच नाही! क्रिकेट, रॅकेट्स खेळलेल्या माणसाला हा खेळ एकसुरी वाटणार, असं त्याचं ठाम मत. भविष्यवाणीत बिचारा पहिल्याच फेरीत आउट. त्याचा मुलगा, तोही स्पेन्सर गोरच, पुढे नावाजलेला चित्रकार झाला. म्हणजे ड्रॉमध्ये बाप पक्का आणि ड्रॉइंगमध्ये मुलगा.

आला, लॉब मारला, गेला

१८७८. सिलोनमध्ये कॉफीचे मळे पिकवणारा फ्रँक हॅडो सुट्टीवर इंग्लंडला आला होता. सहज म्हणून नाव दिलं. समोर फायनलला जाळीला चिकटलेला गोर. हॅडोनं काय करावं? बॉल सरळ त्याच्या डोक्यावरून पलीकडे! लॉब! गोर मागे धावतोय, बॉल मागच्या रेषेपाशी हसतोय. ७-५, ६-१, ९-७.

अख्ख्या स्पर्धेत हॅडोनं एकही सेट गमावला नाही. मग बॅग भरली आणि मळ्यावर परत. किताब राखायला पुढच्या वर्षी आलाच नाही, नंतरही कधी खेळला नाही. म्हणजे विम्बल्डनमध्ये आयुष्यात एकही सेट न हरलेला चॅम्पियन! तो पुन्हा उगवला थेट १९२६ साली, स्पर्धेच्या सुवर्णमहोत्सवाला, पाहुणा म्हणून. फेडररला जमलं नाही, जोकोविचला जमलं नाही, कॉफीवाल्याला जमलं. कॉफी स्ट्राँग होती म्हणायची.

पाद्री विरुद्ध... पुढचं वाचाच

१८७९ ची फायनल म्हणजे स्क्रिप्टरायटरनं लिहिली असती तर प्रोड्यूसरनं ‘जरा अतीच होतंय’ म्हणून परत पाठवली असती.

एका बाजूला रेव्हरंड जॉन हार्टली, यॉर्कशरच्या बर्नस्टन गावचा पाद्री. गडी आपण लवकर हरणार असं धरून आला होता, त्यामुळे रविवारच्या प्रवचनाची सोय न करताच निघाला. आणि बघता बघता सेमीफायनलला पोचला! आता रविवारी चर्चमध्ये बोलणार कोण? साहेबांनी यॉर्कशर गाठलं, प्रवचन दिलं आणि सोमवारी पहाटे घोडा, मग आगगाडी असं करत पुन्हा विम्बल्डन. दमून भागून पोचतो तर पाऊस सुरू! मॅच थांबली, रेव्हरंडच्या पोटात चार घास गेले, अंगात जीव आला. वरून मदत यायची ती अशी. सेमी जिंकली, फायनलही मारली. विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो आजवरचा एकमेव धर्मगुरू.

आणि दुसऱ्या बाजूला? व्हेरे सेंट लेजर गूल्ड. आयर्लंडचा पहिला चॅम्पियन, देखणा, चांगल्या घरचा. फायनल हरला आणि हळूहळू टेनिसमधून गायब झाला.

१९०७. मार्से स्टेशनवर एका जोडप्याची मोठी ट्रंक आली. ट्रंकेला वास, आणि खालून रक्त झिरपलेलं. हमालाला संशय आला, पोलीस आले, ट्रंक उघडली. आत मॉन्टे कार्लोतल्या एम्मा लेव्हिन नावाच्या श्रीमंत विधवेचं प्रेत. आणि ट्रंकेचा मालक? स्वतःला ‘सर’ म्हणवून घेणारा, जुगारात कंगाल झालेला आपला उपविजेता! गूल्डला जन्मठेप झाली, बायकोला फाशीची शिक्षा, जी पुढे जन्मठेपेवर आली. १९०९ मध्ये डेव्हिल्स आयलंड या कुख्यात काळ्या पाण्यावर गूल्डचा शेवट झाला.

फायनलमध्ये एका बाजूला प्रवचनकार आणि दुसऱ्या बाजूला भावी खुनी. टेनिसच्या इतिहासात एवढी तगडी कास्टिंग परत झाली नाही.

आयत्या बिळात चॅम्पियन

माहीत आहे का, एकेकाळी विम्बल्डन फक्त एक मॅच खेळून जिंकता यायचं?

त्याला म्हणत चॅलेंज राउंड. गेल्या वर्षीचा चॅम्पियन आरामात चहा पीत बसणार. बाकीचे आपापसात मारामारी करणार. त्यातून जो उरेल, तो घामाघूम होऊन चॅम्पियनसमोर उभा राहणार. आयत्या बिळावर नागोबा याहून रीतसर कुठे बसला असेल तर सांगा! ही चैन १९२२ मध्ये बंद झाली.

सगळ्यात मोठा नागोबा विल्यम रेनशॉ. १८८१ मध्ये त्यानं आपल्या पाद्रीबुवांना ६-०, ६-१, ६-१ असं ४० मिनिटांच्या आत घरी पाठवलं. मग १८८६ पर्यंत ओळीनं सहा किताब. त्यातले शेवटचे पाच मिळून मॅच किती? पाच! १८८९ ला सातवा किताब. या सात किताबांशी बरोबरी व्हायला सॅम्प्रस यावा लागला, तोही २००० साली. आठवा आकडा फेडररनं लावला, २०१७ मध्ये.

यात घरगुती ड्रामा पण आहे. विल्यमचा जुळा भाऊ अर्नेस्ट. १८८२, १८८३ आणि १८८९, तीन वेळा शेवटची मॅच रेनशॉ विरुद्ध रेनशॉ. तिन्ही वेळा विल्यम जिंकला. अर्नेस्टनं १८८८ मध्ये एकदा किताब मिळवला, त्या दिवशी समोर विल्यम नव्हता. त्यांच्या आईनं टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हो?

रेनशॉचा आणखी एक पराक्रम. नियम असा होता की कप ओळीनं तीनदा जिंकला की कायमचा घरी न्यायचा. पठ्ठ्यानं एक नेला. क्लबनं नवा आणला. त्यानं तोही नेला! मग १८८७ मध्ये क्लबनं १०० गिन्या मोजून तिसरा कप घडवला आणि स्पष्ट बजावलं, हा कोणाच्याही घरी जाणार नाही. आज सेंटर कोर्टवर उंचावतात तो हाच.

अननस कुठून आला?

हा कप टीव्हीवर दिसला तर जरा पॉज करून बघा. दिसायला सोनेरी, पण आत चांदी. सोन्याचा नुसता मुलामा. नाव सोनुबाई! उंची जेमतेम दीड फूट, दोन्ही बाजूंना नक्षीदार कान. आणि झाकणाच्या टोकावर? चेंडू नाही, रॅकेट नाही. अननस!

हसू नका. जुन्या इंग्लंडात अननस म्हणजे श्रीमंतीची कमाल. अठराव्या शतकात तर पार्टीपुरता अननस भाड्यानं आणायचे. टेबलावर मिरवायचा, खायचा नाही, दुसऱ्या दिवशी परत द्यायचा. तेव्हा जगज्जेत्याच्या डोक्यावर अननस म्हणजे रॉयल मामला. आणि जगज्जेता हा शब्द मी फेकत नाहीये, कपावर खरंच ‘चॅम्पियनशिप ऑफ द वर्ल्ड’ असं कोरलंय. नावं कोरता कोरता २००९ मध्ये जागाच संपली, म्हणून खाली पट्टीवाली बैठक जोडावी लागली. फ्लॅट फुल्ल, म्हणून पोडियम वाढवलं.

फटाफट फटाके!

१८९५ मध्ये या स्पर्धेला चक्क ३३ पौंडांचा तोटा झाला होता. हो, विम्बल्डनला!

१८९१ चा विजेता विल्फ्रेड बॅडली १९ वर्षांचा होता. सर्वांत लहान विजेत्याचा त्याचा विक्रम तब्बल ९४ वर्षं टिकला. मग १९८५ मध्ये १७ वर्षांचा बोरिस बेकर आला. बॅडलीलाही जुळा भाऊ होता, बरं का! त्या काळात रॅकेटच्या जोडीला भाऊ फ्री मिळत असावा.

डोहर्टी बंधू मात्र जुळे नव्हते. मोठा रेजिनाल्ड म्हणजे ‘बिग डू’, धाकटा लॉरेन्स म्हणजे ‘लिटल डू’. १८९७ ते १९०६ या दहा वर्षांत नऊ किताब एकाच घरात.

मधलं दहावं वर्ष कोणाचं? १९०१, आर्थर गोर. या बाबाला वयाचं वावडंच नव्हतं. १९०९ मध्ये ४१ व्या वर्षी जिंकला, आणि तो विक्रम आजही शाबूत आहे. १९२६ मध्ये ५८ व्या वर्षी हा दुहेरीत उतरला आणि समोरची जोडी तीन सरळ सेटमध्ये साफ केली. समोर कोण होतं माहीत आहे? ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजेच पुढचे राजे सहावे जॉर्ज! राजघराण्याला हरवून वर ‘सर’ पदवीची अपेक्षा ठेवली असेल तर कमालच.

१९०७ मध्ये पहिल्यांदा कप परदेशी पाहुण्यानं नेला. ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन ब्रूक्स. वर डावखुरा! यजमानांना दोन्हीकडून झटका.

१९१० ते १९१३ चा हीरो न्यूझीलंडचा अँथनी वाइल्डिंग. मोटरसायकलवर टांग टाकून युरोपभर स्पर्धा खेळत फिरायचा. मे १९१५ मध्ये फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. वय ३१.

व्हाया कोलकाता

१९२० मध्ये अमेरिकेचा बिल टिल्डन किताबापर्यंत पोचला त्याच्या आदल्या मॅचमध्ये समोर होता जपानचा झेंझो शिमिझू. ६-४, ६-४, १३-११ अशी झुंज. माहीत आहे का, हा जपानी हीरो टेनिसमध्ये तयार कुठे झाला? कोलकात्यात! मित्सुई कंपनीची नोकरी तिथे, आणि ऑफिस सुटलं की बंगालच्या हिरवळीवर टेनिस. बंगालची स्पर्धाही गाजवली त्यानं. रॉशोगुल्ल्याची पॉवर!

१९२२ मध्ये विम्बल्डन वर्पल रोडहून चर्च रोडवर आलं. नवं कोरं सेंटर कोर्ट, उद्घाटनाला खुद्द पाचवे जॉर्ज. आणि वास्तुशांतीला न बोलावता कोण आलं? पाऊस! स्पर्धेच्या एकाही दिवशी सुट्टी घेतली नाही त्यानं. स्पर्धा तिसऱ्या आठवड्यात ढकलली गेली.

मग फ्रेंचांचा सीझन. बोरोत्रा, लाकोस्त, कोशे. १९२४ ते १९२९, सहा वर्षं, प्रत्येकी दोन किताब. काय वाटणी आहे! लाकोस्त म्हणजे तोच, मगरीच्या शर्टवाला. कप घेतला, मगर छापली, पैसा तिथे कमावला.

पण या तिघांत माझं मत हेन्री कोशेला. १९२७ ची त्याची वाटचाल बघा. क्वार्टरफायनलला दोन सेट पिछाडीवर, जिंकला. सेमीला टिल्डनसमोर दोन सेट गेले, तिसऱ्यात १-५, सगळे सामान आवरायला लागले, जिंकला! फायनलला बोरोत्रासमोर पुन्हा दोन सेट पिछाडी, वर सहा मॅच पॉइंट वाचवले, जिंकला!! देव तारी त्याला कोण मारी. याच्या घरच्यांनी त्या तीन मॅच कशा काढल्या असतील, देव जाणे. कार्डिऑलॉजिस्टला स्पर्धेचा स्पॉन्सर करायला हवं होतं, पण हौशी जमाना ना!

फायनल जिंकली, न खेळता

१९३१. सिडनी वुड, वय १९, विम्बल्डन चॅम्पियन. फायनलचा स्कोअर? नाही. कारण फायनल झालीच नाही! समोरचा फ्रँक शील्ड्स घोटा दुखावून बसला होता, आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचं फर्मान निघालं, की डेव्हिस कप तोंडावर आहे, तू खेळू नकोस. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत फायनलचा वॉकओव्हर तो एवढाच. जिगरी दोस्ताकडून फुकटात मिळालेला कप वुडच्या घशाखाली कसा उतरावा?

या वुडनं १५ व्या वर्षीच सेंटर कोर्टवर लाकोस्तशी मॅच खेळली होती, गुडघ्यापर्यंतच्या पांढऱ्या निकरमध्ये. आणि शील्ड्सची नात कोण? हॉलिवूडची ब्रूक शील्ड्स. तिनं लग्न कोणाशी केलं? आंद्रे अगासीशी! आजोबांची राहिलेली फायनल नातजावयानं १९९२ मध्ये खेळली, जिंकलीसुद्धा. लग्न मात्र नंतरचं, आणि तेही टिकलं नाही. असो.

टाय खुर्चीवर टाकला

फ्रेड पेरी. १९३४, १९३५, १९३६, सलग तीन. नागोबागिरी बंद झाल्यानंतरचे, म्हणजे दरवर्षी पहिल्या फेरीपासून राबून मिळवलेले. माहीत आहे का, हा आधी टेबल टेनिसचा विश्वविजेता होता? १९२९, बुडापेस्ट. टेबल सोडलं, कोर्ट धरलं.

बाप कापड गिरणीतून वर आलेला मजूर पक्षाचा खासदार. हे क्लबमधल्या उच्चभ्रूंना काही पचेना. १९३४ ची फायनल जिंकून पेरी बाथरूममध्ये टबात पहुडलेला, आणि बाहेर क्लबचा एक पदाधिकारी हरलेल्या जॅक क्रॉफर्डला म्हणतोय, की आज लायक माणूस हरला. पेरीनं सगळं ऐकलं. चॅम्पियनला मानाचा म्हणून क्लबचा टाय मिळायचा. तो गळ्यात घालायचं सोडून नुसता खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. म्हणजे घे नाहीतर राहू दे! पेरीच्या १९३६ च्या किताबानंतर ब्रिटिश पुरुष चॅम्पियन बघायला क्लबला ७७ वर्षं थांबावं लागलं. २०१३, अँडी मरे. पेरीचा तळतळाट हो, दुसरं काय.

आज त्याच क्लबच्या आवारात पेरीचा पुतळा उभा आहे.

त्याच्याकडून दोनदा फायनल हरलेला जर्मन सरदार गॉटफ्रीड फॉन क्राम तिसऱ्या वर्षीही फायनल हरला, डॉन बजकडून. ओळीनं तीनदा उपविजेता! १९३८ मध्ये नाझींनी त्याला तुरुंगात डांबलं. सुटल्यावर १९३९ मध्ये विम्बल्डनआधीच्या क्वीन्स क्लब स्पर्धेत त्यानं बॉबी रिग्जला ६-०, ६-१ धुतलं आणि फायनलला आपल्या घौस मोहम्मदला हरवलं. विम्बल्डनच्या ड्रॉमध्ये मात्र त्याचं नाव नव्हतं.

आणि विम्बल्डन जिंकलं कोणी? तेच धुलाई झालेले रिग्जसाहेब! पहिल्यांदाच आले होते. लंडनला उतरल्या उतरल्या बुकीकडे गेले आणि स्वतःवरच पैसे लावले: एकेरी मी जिंकणार, दुहेरी मी जिंकणार, मिश्र दुहेरीही मीच जिंकणार. तिन्ही जिंकले! एका दगडात तीन पक्षी. लाखभर डॉलर सुटले, असं रिग्जच सांगायचा. हौशी खेळाडू, बरं का. टेनिसचा एक पैसा घेतला नाही!

त्याच स्पर्धेत लखनौकडचा घौस मोहम्मद उपांत्यपूर्व फेरीत पोचला. विम्बल्डनच्या एकेरीत इथवर जाणारा पहिला भारतीय. गाठ पडली रिग्जशीच, २-६, २-६, २-६. सट्टा ऐन रंगात आला होता, काय करणार!

बायदवे, भारतीय महिलेचा विम्बल्डनमधला पहिला विजय आपल्या मुंबईच्या लीला रावचा, १९३४ साली. पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची ही लेक. आई श्लोक रचायची, लेक शॉट. विषय पुरुष एकेरीचा आहे, ठाऊक आहे. पण एवढी कॉलर टाइट केल्याशिवाय पुढे जाववेना.

सेंटर कोर्टशेजारी डुकरं

माहीत आहे का, दुसऱ्या महायुद्धात विम्बल्डनच्या आवारात डुकरं, कोंबड्या, ससे पाळले होते? अन्नटंचाईच तशी होती. ऑक्टोबर १९४० मध्ये सेंटर कोर्टवर बॉम्ब पडला आणि १२०० खुर्च्यांचा चुराडा झाला.

१९४६ मध्ये स्पर्धा परतली. जिंकला फ्रान्सचा इव्हॉन पेत्रा. जन्म व्हिएतनामचा, युद्धात जर्मनांचा कैदी, अधू झालेला पाय दुरुस्त केला तो जर्मन डॉक्टरनं. फुल पँट घालून विम्बल्डन जिंकणारा तो शेवटचा. पुढच्याच वर्षी जॅक क्रेमरनं हाफ पँटमध्ये कप उचलला.

सेंटर कोर्टला उघड्या गुडघ्यांचं पहिलं दर्शन मात्र १९३३ मध्ये बनी ऑस्टिननं घडवलं होतं. ओव्हरकोटाखाली उघडे पाय बघून हॉटेलच्या दरवानानं त्याला हळूच आठवण केली, साहेब, पँट विसरलात, असा किस्सा सांगतात.

यारोस्लाव्ह ड्रॉबनी हे नाव पाठ करा, क्विझमध्ये कामाला येईल. पासपोर्ट बदलत बदलत गडी विम्बल्डनला चार ओळखींनी खेळला: चेकोस्लोव्हाकिया, बोहेमिया-मोराव्हिया, इजिप्त, शेवटी ब्रिटन. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीचं रौप्यही मिळवलं. १९५३ मध्ये बज पॅटीशी मॅच, ८-६, १६-१८, ३-६, ८-६, १२-१०. टोटल मारा: ९३ गेम! टायब्रेक तेव्हा जन्मायचा होता. पुढच्या वर्षी चष्मा लावून, इजिप्तचा खेळाडू म्हणून, किताब जिंकला. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

१९६६ मध्ये मॅन्युएल सांताना शर्टावर रेआल माद्रिदचा बिल्ला लावून जिंकला. फुटबॉल क्लबला मिळालेलं विम्बल्डन!

कृष्णनची बासरी

१९५४, ज्युनियर विम्बल्डन. चॅम्पियन रामनाथन कृष्णन, हा मान मिळवणारा पहिला आशियाई. १९६० आणि १९६१, ओळीनं दोनदा पुरुषांची सेमीफायनल. १९६१ मध्ये तर रॉय एमर्सनला ६-१, ६-४, ६-४ असं गारद केलं. त्याच एमर्सनला, जो पुढे १९६४ आणि १९६५ चा विजेता झाला. कृष्णनची सर्व्हिस म्हणजे अगदी गरीब गाय. पण बाकी सगळा खेळ असा मऊ, असा अंदाज घेत चाललेला, की समोरचा कधी फसला ते त्याला पॅव्हेलियनमध्ये गेल्यावर कळायचं. १९६२ मध्ये चौथं मानांकन मिळालं आणि घोट्यानं दगा दिला. त्या घोट्यावर माझा अजून राग आहे.

जॅक क्रेमरनं त्याला प्रो होण्याची घसघशीत ऑफर दिली होती. कृष्णननं नम्रपणे नाही म्हटलं. आणि १९७९ मध्ये मुलगा रमेशनं तेच ज्युनियर विम्बल्डन जिंकलं. घरात दोन!

या क्रेमरनं विम्बल्डनचं डोकं भलतंच उठवलं होतं. इकडे कोणी चॅम्पियन झाला की तिकडे हा प्रो टूरचा चेक घेऊन हजर. सेजमन, ट्राबर्ट, होड, एकेक चॅम्पियन उडत गेला. गेला की विम्बल्डनचं दार बंद. आणि जे हौशी उरले, त्यातल्या बड्या नावांना प्रवासखर्चाच्या पाकिटातून गुपचूप माल मिळायचा. सगळ्यांना ठाऊक, कोणी बोलायचं नाही. दाखवायचं सोवळं आणि खिशात सगळं!

शेवटी १ जुलै १९६७ ला बीबीसीनं विम्बल्डनहून रंगीत प्रक्षेपण सुरू केलं, युरोपात पहिलंच. टीव्हीला रंग चढला आणि हौशी जमान्याचा उतरला. त्या वर्षी जॉन न्यूकम हा शेवटचा हौशी चॅम्पियन ठरला. ऑगस्टमध्ये तर सेंटर कोर्टवर आठ प्रो खेळाडूंना बोलावून खास स्पर्धा भरवली, तिकिटं धडाधड खपली. डिसेंबरात ब्रिटिश टेनिस संघटनेनं हौशी आणि व्यावसायिक हा भेदच काढून टाकला.

१९६८, पहिलं ओपन विम्बल्डन. पुरुष विजेत्याला २००० पौंड. महिला विजेती बिली जीन किंगला किती? ७५०. हिशेबात मात्र अजून जुनाच जमाना होता.

ते २००० पौंड नेले रॉड लेव्हरनं. शेवटची आणि सगळ्यात खतरनाक ट्रिव्हिया त्याचीच. १९६१ चा विजेता, १९६२ चा विजेता, मग प्रो झाला म्हणून पाच वर्षं बाहेर. १९६८ मध्ये आत घेतलं, विजेता. १९६९, पुन्हा विजेता. १९७० मध्ये रॉजर टेलरनं हरवेपर्यंत विम्बल्डनवर ओळीनं ३१ मॅच जिंकल्या होत्या त्यानं. मध्ये पाच वर्षं गेटवर कुलूप, तरी स्ट्रीक चालू!